सावलीतला पांढरा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओटावात सूर्य मावळतो तो रात्री नऊच्या सुमाराला. मावळला तरी उजेड लगेच जात नाही. पुण्यातली तिन्हीसांज देवापाशी दिवा लावेपर्यंत संपते; इथली अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळते. जेवणं उरकून मी मागच्या पायरीवर बसते आणि शेजारच्या कुंपणाकडे बघत राहते. त्यांच्याकडे लाल गुलाबाचा वेल आहे, दुपारी रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघेल असा. साडेनऊला तो दिसेनासा होतो. लाल आधी तपकिरी होतो, मग काळा, आणि शेवटी पानांत विरून जातो. त्याच वेळी माझ्या बाजूचं, दिवसभर मेपलच्या सावलीत कुणाच्या नजरेत न भरलेलं पांढऱ्या गुलाबाचं झाड पुढे यायला लागतं. फुलं जागची हलत नाहीत, तरी दोन पावलं जवळ सरकल्यासारखी वाटतात.

ही डोळ्याचीच करामत आहे. उजेड कमी झाला की आपली नजर लालकडून निळ्या-हिरव्याकडे झुकते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं, आणि आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. बागेत लाल सगळ्यात आधी बुडतो आणि पांढरा सगळ्यात शेवटी. इंग्लंडात केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टला व्हिटा सॅकव्हिल-वेस्टनं 1950 च्या सुमारास पांढऱ्या फुलांची बाग केली, तीही संधिप्रकाश डोळ्यांपुढे ठेवूनच. पण केंटचा हिवाळा मऊ. माझ्याकडे हिवाळ्याच्या वाईट रात्री पारा उणे 25 च्या खाली जातो, कधी उणे 30 ला टेकतो, आणि मागचं अंगण ईशान्येला तोंड करून बसलेलं आहे. सकाळी ऊन, अकरानंतर मेपल. अशा जागेसाठी पांढरा गुलाब निवडायचा तर काय वाचायचं, हे मला कळायला दहा-बारा वर्षं आणि पाच-सहा मेलेली झाडं लागली.

गुलाबाच्या कॅटलॉगमध्ये पांढऱ्याला एकच शब्द असतो: शुद्ध. प्रत्येक पांढरा गुलाब शुद्ध पांढरा. आपण मराठी माणसं या बाबतीत फार श्रीमंत घरची. मोगरा, जाई, जुई, कुंद, तगर, अनंत, प्राजक्त इतक्या पांढऱ्यांमध्ये आपण वाढलो, आणि त्यातले कुठलेही दोन सारखे नाहीत. तगरीचा पांढरा कोरा, नुकत्याच धुतलेल्या धोतरासारखा, आणि वासाच्या नावानं शून्य. मोगऱ्याचा पांढरा भरीव. कळी असताना त्यात किंचित हिरवट झाक. अनंत पहिल्या दिवशी सायीसारखा, दुसऱ्या दिवशी पिवळा, तिसऱ्या दिवशी बघवत नाही. प्राजक्त मात्र देठाला केशरी रंग लावून येतो आणि पहाटे आपणहून, न कोमेजता, जमिनीवर उतरतो. पांढरं फूल कसं वाचावं याचं शिक्षण आम्हाला परसातच मिळालेलं होतं. गुलाबाच्या बाबतीत मी ते विसरले, कारण गुलाब म्हटलं की आपल्या भाषेतच रंग आहे. ज्या फुलानं ‘गुलाबी’ला नाव दिलं त्याला पांढरं म्हणताना जीभ जराशी अडखळते. हिंदीवाल्यांनी बरं केलं, सेवती म्हणून वेगळं नाव ठेवलं.

पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग नसतोच. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवर उजेड आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. बर्फ पांढरा दिसतो तोही असाच, उजेड विखुरल्यामुळे. पाकळी चुरगाळा, हवा निघून जाते आणि उरतो तो पाणचट, काचेसारखा पडदा. हे कळल्यापासून मी पांढऱ्या गुलाबाला रंगाचं फूल मानायचं सोडलं, उजेडाचं फूल मानायला लागले. भर दुपारच्या उन्हात त्याला इतका उजेड मिळतो की पाकळ्यांच्या घड्या दिसेनाशा होतात, फूल म्हणजे चुन्याचा ठिपका होतो. पांढऱ्या गुलाबाला आतून वाचायचं तर उजेड थोडा काढून घ्यावा लागतो, तेव्हा सावली ही त्याची अडचण कमी आणि सोय जास्त. मेपलच्या पानांतून कवडसे पडतात तेव्हा एका फुलात पाच पांढरे दिसतात: कडेला निळसर, घडीत राखाडी, मध्याशी हिरवट, कवडशाखाली लख्ख, आणि कळीच्या टोकाला थंडीनं आणलेली पुसट गुलाबी. रात्र गार असली की कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांवर ती गुलाबी चढते. फूल उमललं की बहुधा निघून जाते.

अर्धसावली हा शब्दही इथं वेगळ्या मापाचा आहे. गुलाबाला सहा तास ऊन हवं हा नियम सगळीकडे सांगतात. पण ओटावा 45 अंश उत्तरेला. जूनचा दिवस साडेपंधरा तासांहून मोठा, पुण्याच्या त्याच दिवसाहून दोन तासांहून अधिक मोठा. पाच वाजून थोडी मिनिटं झाली की ऊन माझ्या कुंपणावर असतं. अकराला मेपल ते काढून घेतो तोवर झाडाचं बरंचसं पोट भरलेलं असतं. शिवाय सकाळचं ऊन दव सुकवतं. गुलाबाच्या पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं. सावलीत गुलाब मरतो तो बऱ्याचदा उन्हाच्या उपासानं मरत नाही, ओल्या पानांनी मरतो. त्यामुळे सकाळी चार तास ऊन आणि दुपारी सावली ही जागा चालते. उलटी जागा, सकाळी सावली आणि दुपारी रखरख, तिथं मी गुलाब लावणार नाही.

पहिल्या वर्षी मी ‘आइसबर्ग’ लावला. पुण्यातून आलेली कुणीही बाई हेच करील. पुण्यात हे झाड गच्चीवरच्या कुंडीतही वर्षभर फुलतं, हिरव्या-पांढऱ्या झुपक्यांनी लवतं, आणि कुणालाही आपण मोठे माळी आहोत असं वाटायला लावतं. जर्मनीच्या राइमर कोर्डेस यांनी 1958 मध्ये ते आणलं. जर्मन नाव ‘श्नेविट्शेन’, म्हणजे गोष्टीतली हिमगौरी. 1983 मध्ये जगभरच्या गुलाब-संघटनांनी त्याला मानाच्या यादीत बसवलं. नाव हिमनगाचं, पण खरा हिमनग बघितल्यावर त्याचं अवसान गळालं. पहिल्या हिवाळ्यानंतर जमिनीवरच्या सगळ्या काड्या काळ्या. मेमध्ये खालून फुटलं, ऑगस्टमध्ये पाचसहा फुलं आली, आणि मेपलच्या सावलीत काळ्या ठिपक्यांनी पानं गळाली. दुसऱ्या हिवाळ्यानंतर मात्र जोमानं फुटलं, पुरुषभर वाढलं, आणि तिसऱ्या जूनमध्ये छोट्या-छोट्या पांढऱ्या फुलांचे घोस लागले. मी आनंदानं शेजारणीला बोलावून दाखवलं. तिनं पानाच्या देठाशी असलेली झालर बघितली आणि म्हणाली, हा तुझा गुलाब नाही, हा खालचा खुंट आहे. आइसबर्ग केव्हाच मेला होता. ज्यावर डोळा भरलेला होता तो रानटी बहुपुष्पी गुलाब मी वर्षभर खतपाणी घालून पोसत होते. तोही पांढराच निघाला, हे विशेष.

तेव्हा थंडीच्या मुलखात पहिला प्रश्न फुलाचा नसतोच: झाड स्वतःच्या मुळावर आहे की कलमी? स्वतःच्या मुळावरचं झाड जमिनीपर्यंत मेलं तरी खालून तेच उगवतं. कलमी घ्यावंच लागलं तर डोळा भरलेली गाठ जमिनीखाली चांगली दहा सेंटीमीटर गाडायची, म्हणजे वरचा गुलाब हळूहळू आपली मुळं सोडतो. पुण्यात आम्ही ही गाठ मातीच्या वर ठेवायचो आणि तसंच शिकवायचोही. गाव बदललं की शहाणपण उलटं होतं.

रुगोझा गुलाबाकडे मी त्या अपमानानंतर वळले. हा मुळात जपान, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या किनाऱ्यांवरचा, वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात वाढणारा गडी. इथं हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात, ते वितळून कुंपणाशी येतं. बाकीचे गुलाब करपतात, याला सवय आहे. पानं सुरकुतलेली, जाड, खरखरीत, काळ्या ठिपक्यांना दाद न देणारी, शरदात हळदीसारखी पिवळी. पांढऱ्या रुगोझांत सर्वांत नावाजलेला ‘ब्लाँ दूब्ल द कूबेर’: फ्रान्समधल्या कूबेर गावच्या शार्ल कोशे-कोशे यांनी 1892 मध्ये आणलेला. आई उन्हाळ्यात इथं आली होती तेव्हा तिनं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि तिनं त्याला लगेच ‘कुबेराचा गुलाब’ करून टाकलं. तेव्हापासून घरात तेच नाव.

कुबेराचा पांढरा हा पांढऱ्यांतला सर्वांत पांढरा आहे, यात मला शंका नाही. पाकळी टिश्यूसारखी पातळ, थोडी चुरगळलेली, जणू कळीच्या पेटीतून घाईनं काढलेली. सैल दुहेरी रचना आणि मध्ये फिक्या पिवळ्या पुंकेसरांचा पुंजका. खाली गडद, सुरकुतलेलं पान, त्यामुळे पांढरा आणखी पांढरा. वास लवंगेकडे झुकणारा, संध्याकाळी दारापर्यंत येणारा. पण पाऊस आला की याचं सगळं बिघडतं. ओली पाकळी तपकिरी होते आणि गळत नाही, चिकटून बसते. दुसऱ्या दिवशी झाडावर ताजी फुलं आणि वापरलेले कागदी रुमाल शेजारी-शेजारी. आईनं सकाळी देवासाठी चार फुलं काढली. पूजेची तयारी होईपर्यंत त्यांनी माना टाकल्या होत्या.

“वास आहे गं चांगला,” ती म्हणाली, “पण हे झाडावरचं फूल आहे, ताटातलं नव्हे.”

याहून नेमकं या गुलाबाबद्दल मी कुठं वाचलेलं नाही. तो कुंपणाला लावा, दारापासून चार पावलांवर, जिथून वास येतो पण रुमाल दिसत नाहीत.

आमच्या गावात राहून ‘हेन्री हडसन’बद्दल न बोलणं हा गावाचा अपमान होईल. इथल्या सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्ममध्ये, म्हणजे 1886 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी शेतीसंशोधन केंद्रात, फेलिसितास श्वेयदा या बाईंनी 1960 च्या दशकापासून कॅनडाच्या थंडीत टिकणारे गुलाब पैदा केले. त्या व्हिएन्नाकडच्या. त्यांच्या गुलाबांना या देशाचा किनारा आणि नद्या धुंडाळणाऱ्या संशोधक-प्रवाशांची नावं दिली गेली. ‘हेन्री हडसन’ 1976 चा. ‘श्नेत्स्वेर्क’ या 1912 च्या जर्मन रुगोझाच्या बियांतून निवडलेला. गुडघ्याएवढं, गच्च पसरणारं झाड, गुलाबी कळ्या, पांढरी फुलं, जून ते सप्टेंबर. चिवटपणात पैकीच्या पैकी. खऱ्या हडसनला त्याच्या खलाशांनी 1611 मध्ये छोट्या नावेत सोडून दिलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. याची फुलं मात्र मेल्यावरही झाड सोडत नाहीत. रोज कात्री घेऊन हिंडावं लागतं. मला तो आवडतो तसा कष्टाळू नातेवाईक आवडतो: आदर आहे, पण संध्याकाळी त्याच्याजवळ बसावंसं वाटत नाही.

‘मादाम आर्दी’जवळ मात्र बसावंसं वाटतं.

पॅरिसच्या लक्सेंबर्ग उद्यानाचे प्रमुख अलेक्सांद्र आर्दी यांनी 1832 मध्ये हा गुलाब जगापुढे आणला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. डमास्क कुळातला, म्हणजे आपल्या गुलाबपाण्याच्या गुलाबाच्या भावकीतला; पण त्याचे आईबाप नक्की कोण, हे खुद्द आर्दींनी लिहून ठेवलेलं नाही. फूल वर्षातून एकदाच येतं, जूनच्या शेवटी, तीनेक आठवडे. कळीपासून वाचायला सुरुवात करा. निदलं लांब, पानांसारखी चिरलेली, कळीच्या टोकाच्या पुढे जाणारी. कळी जणू हिरव्या जाळीच्या मुठीत धरलेली. त्या मुठीतून पहिली पाकळी दिसते ती गुलाबी छटेची. मग फूल उघडतं, आधी वाटीसारखं, दुसऱ्या दिवशी सपाट ताटलीसारखं. कडेच्या पाकळ्या मागे वळतात, मधल्या आत वळतात, आणि शंभराहून जास्त पाकळ्यांची घडी चार भागांत बसते. कुणी निष्णात बाईनं पातळाच्या निऱ्या काढून चापून बसवाव्या तशी. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथं एखाद्या साध्या गुलाबात पिवळे पुंकेसर असते, तिथं एक हिरवा ठिपका. पोपटी, मुगाच्या दाण्याएवढा.

हा ठिपका मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो दोष वाटला. फुलात कीड आहे असं समजून मी नखानं टोकरूनही बघितला. ती स्त्रीकेसरांची गाठ आहे, हिरवीच राहून पाकळ्यांच्या मधून डोकावणारी. पण तो झाकून बघा, बोटाचं टोक ठेवा त्यावर. उरलेलं फूल एकदम मिठाईच्या दुकानातलं होतं: गोड, पांढरं, सुबक, आणि निर्जीव. बोट काढा, आणि सगळ्या पाकळ्यांना तो हिरवा लागतो. आतल्या घड्यांमध्ये जी थंड सावली दिसते ती त्याच्यामुळे. पांढरा हा रंग एकटा असला की बघणाऱ्याला कोरा वाटतो. मोगऱ्याच्या गजऱ्यात बाई मधूनमधून मरव्याचं पान घालते ते उगाच नाही. मादाम आर्दीनं मरवा स्वतःच्या पोटात ठेवला आहे. वासही तसाच: जुन्या गुलाबाचा भरघोस वास, पण कडेला लिंबाची फोड पिळल्यासारखा, त्यामुळे तो कधी डोक्यात जात नाही.

उणिवा आहेत. मोठा पाऊस झाला की फुलं पाणी पिऊन जड होतात आणि फांद्या जमिनीला लागतात. आधाराला काठ्या हव्यात. सावली तिला सोसते पण फार आवडत नाही. साडेतीन-चार तासांखाली ऊन गेलं की कळ्या कमी येतात. थंडीला ती भीत नाही. माझ्याकडे ती पूर्वेच्या कुंपणाशी आहे, आणि पावसाचा अंदाज असला की मी पूर्ण उमललेली फुलं आदल्या संध्याकाळीच काढून घरात आणते. हा लाड आहे, मान्य.

तिची एक दूरची बहीण म्हणावी अशी ‘मादाम प्लांतिए’, 1835 ची, तिच्याबद्दल दोनच ओळी, कारण माझ्याकडे तिला जागा नाही. जवळजवळ बिनकाट्याची, सैल, आधार मिळाला तर झाडावर चढणारी. व्हिटानं तिला सिसिंगहर्स्टच्या फळबागेत सफरचंदाच्या झाडांवर चढवलं होतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ती दफनभूमींमध्ये लावायचे, आणि कुणी पाणी घालत नसतानाही ती तिथं अजून सापडते. ज्यांच्याकडे जुनं सफरचंद आहे आणि निगा राखायला वेळ नाही, त्यांनी दुसरं काही शोधू नये.

आता सुरुवातीला ज्या झाडाबद्दल बोलले त्याकडे येते. मेपलच्या सर्वांत जवळचं, सर्वांत कमी उन्हातलं, संध्याकाळी पुढे सरकणारं झाड म्हणजे ‘आल्बा सेमी-प्लेना’. आल्बा म्हणजे पांढरी, सेमी-प्लेना म्हणजे अर्धी भरलेली. नावातच किती नम्रता! या गुलाबाला आणणारा माणूस नाही, साल नाही. मध्ययुगापासून युरोपच्या बागांमध्ये तो आहेच. इंग्लंडमधल्या यॉर्क घराण्याचं चिन्ह पांढरा गुलाब, तो हाच असं परंपरा मानते. 1455 ते 1487 पर्यंत ज्या लढाया चालल्या त्यांना या फुलांचं नाव पडलं. बल्गेरियात कझान्लुकच्या खोऱ्यात अत्तराच्या डमास्क गुलाबांच्या शेतांना याची कुंपणं घालतात, आणि याच्या फुलांतूनही तेल काढतात. म्हणजे हा गुलाब राजाच्या ढालीवरही होता आणि शेताच्या बांधावरही. मला त्याचं बांधावरचं रूप जास्त पटतं.

फूल वाचायचं तर फार काही नाही असं वाटेल. दोन-तीन ओळींत दहा-बारा पाकळ्या, मध्ये सोनेरी पुंकेसरांचं मोकळं वर्तुळ. मादाम आर्दीच्या निऱ्यांपुढे हे म्हणजे साधी सुती साडी. पण पान बघा. गुलाबाची पानं साधारण गडद किंवा पोपटी, चकचकीत असतात. आल्बाचं पान राखाडी-निळं, वर पिठूळ साय असल्यासारखं, कोबीच्या बाहेरच्या पानाची आठवण करून देणारं. सावलीत गडद हिरवं पान काळं होतं आणि त्यावर पांढरं फूल डोळ्यांवर येतं, चुन्याच्या ठिपक्यासारखं. राखाडी-निळ्या पानावर मात्र पांढरा आणि पान एकमेकांत हळू उतरतात. संध्याकाळी जे झाड दोन पावलं पुढे येतं ते फक्त फुलांमुळे येत नाही. पानंही उजेड धरून ठेवतात. सावलीतल्या बागेसाठी गुलाब निवडताना मी आता पानाचा फोटो मागते. फुलाचा फोटो सगळे दाखवतात.

आणि याचं मरण. पाकळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अजून पांढऱ्या असताना, एकेक करून सुटतात आणि खाली पडतात. सकाळी झाडाखालची माती सडा घातल्यासारखी असते. प्राजक्ताच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून काय हवं? मागे राहिलेल्या हिरव्या देठाचं टोक फुगत जातं आणि सप्टेंबरपर्यंत त्याचं लांबट लाल बोंड होतं. पहिल्या बर्फात पानं गेलेली, फांद्या राखी, आणि त्यांवर ही लाल बोंडं. पांढऱ्या फुलांच्या झाडाची ही दुसरी बहार. ‘हेन्री हडसन’सारखी कोमेजलेली फुलं कात्रीनं काढत बसलात तर ही बोंडं मिळणार नाहीत, हेही सांगून ठेवते.

एकदाच फुलण्याबद्दल लोक तक्रार करतात. इथल्या नर्सरीत उभं राहून मी अनेकदा ऐकलं आहे: वर्षाचे तीन आठवडे फुलणाऱ्या झाडाला जागा कशाला द्यायची? मला हा प्रश्न आंबा डिसेंबरात का मिळत नाही अशा जातीचा वाटतो. शिवाय यात एक व्यावहारिक सुटका आहे. जुलैत जपानी भुंगेरे येतात, हिरवे-तांबूस, चकचकीत, आणि फिक्या गुलाबाच्या फुलात शिरून पाकळ्यांची चाळण करतात. ते जोमात येईपर्यंत आल्बाचं फुलणं आटोपत आलेलं असतं. सप्टेंबरपर्यंत फुलणाऱ्या पांढऱ्या गुलाबांची जुलै-ऑगस्टमधली फुलं त्यांच्याच पंगतीला जातात.

माझी मोठी चूक याच झाडाबाबत झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे रसग्रहण अर्धं राहील. पुण्यात आम्ही दसरा झाला की गुलाबाची छाटणी करायचो. कात्री चालवायची, शेणखत घालायचं, आणि दीडेक महिन्यात नव्या फुटव्यांना फुलं. तोच हात घेऊन मी लागवडीनंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये आल्बापुढे उभी राहिले. फांद्या बर्फाखालून निघालेल्या, करड्या, बघायला मेलेल्याच. गुडघ्याइतक्या ठेवून बाकी सगळ्या काढल्या. मेमध्ये पालवी काय फुटली! जूनमध्ये झाड हिरवंगार, निरोगी, आणि एकही कळी नाही. कारण हा गुलाब गेल्या वर्षीच्या लाकडातून निघणाऱ्या फुटव्यांवर फुलतो. मी जे मेलेलं म्हणून कापलं होतं त्यात त्या वर्षीची सगळी फुलं होती.

थंडीत टिकणं या शब्दाचा नीट अर्थ मला तेव्हा लागला. आइसबर्गसारख्या पुन:पुन्हा फुलणाऱ्या गुलाबाला फक्त मुळाशी जिवंत राहिलं तरी चालतं. वरचं सगळं गेलं तरी नव्या काडीवर फूल येतं. आल्बाला तेवढं पुरत नाही. त्याला दोन मीटर उंचीची काडी टोकापर्यंत जिवंत ठेवून हिवाळा पार करावा लागतो, वर बर्फाचं पांघरूणही नसताना, जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात. आणि तो करतो, गोणपाट न गुंडाळता, मातीचा ढीग न घालता. आता मी एप्रिलमध्ये कात्री घरात ठेवते. मेच्या मध्याला, डोळे फुगले की, खरोखर मेलेली टोकं काढते. उरलेली छाटणी फुलं गळून गेल्यावर, जुलैत, आणि तीही बोंडांसाठी हात राखून.

आई या झाडाला अजून नाव द्यायला तयार नाही. मागच्या जूनमध्ये फोनवर तिला व्हिडिओ दाखवला, पाकळ्यांचा सडा, राखी पानं, मावळतीनंतरचा उजेड. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पूजेला कितीला काढतेस?” मी म्हटलं, काढत नाही, पडलेल्या पाकळ्या वेचते. “मग ठीक आहे,” असं म्हणून तिनं विषय बदलला आणि तगरीला आलेल्या माव्याबद्दल सांगायला लागली.

तुमची जागा थंड आणि अर्धी सावलीतली असेल, सकाळचं ऊन चार तास येत असेल, आणि एकाच पांढऱ्या गुलाबाला जागा असेल, तर आल्बा सेमी-प्लेना लावा, स्वतःच्या मुळावरची. दोघांना जागा असेल तर जास्त उन्हाच्या टोकाला मादाम आर्दी. कुबेर रस्त्याच्या मिठाला. आइसबर्ग पुण्याला.